उतरल्यावरची टाळी

देवा, डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान सुखरूप खाली आण. वर न्यायला त्यांची इंजिनं समर्थ आहेत, त्यासाठी तुला तोशीस देत नाही. उतरायच्या वेळी तेवढा तू तिथे अस.

मुक्तिधामच्या पायरीवर बसून मागते आहे. आत संगमरवरी भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय आहेत, म्हणजे तुझं म्हणणं सगळं लेखी आहे. माझं तोंडीच आहे, ऐकून घे.

नाशिक रोडचं आकाश तुला ठाऊकच आहे, ते कधी रिकामं नसतं. सकाळी उन्हं अंगणात येतात न येतात तोच गांधीनगरच्या बाजूने लष्कराची हेलिकॉप्टरं शिकाऊ पोरांना घेऊन घिरट्या घालू लागतात. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला आणि वारा आमच्या बाजूचा असला, तर मांडणीवरची भांडी किणकिणतात. मधूनच ओझरकडून आभाळ टरकावल्यासारखा आवाज येतो. पाहुणे दचकतात. आम्ही गॅसवरचं दूध बघायला उठतो.

माझे वडील, अण्णा, त्या ओझरच्या कारखान्यात फिटर होते. नाशिकने बिनविरोध लोकसभेत पाठवलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, तिथल्या माळावर मिग विमानं बांधायचं काम उभं राहिलं. गावोगावची पोरं आयटीआयचा दाखला घेऊन आली, त्यांतले एक अण्णा. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी अंगाला तेला-रॉकेलचा वास. ‘तुझे वडील कुठे असतात?’ असं कोणी विचारलं की आम्ही ‘मिगला’ म्हणायचो, आणि पुढे काही सांगावं लागायचं नाही.

त्यांच्याकडून मी एकच गोष्ट शिकले, मोजणं. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याची त्याच्या आकाराची खाच असायची. काम सुरू करताना हत्यारं मोजायची, संपल्यावर पुन्हा मोजायची. एक पाना कमी भरला की विमान जागचं हलायचं नाही. शिफ्ट संपो, बस सुटो, पाना सापडल्याशिवाय सुटका नाही. कारण आत राहिलेला पाना जमिनीवर गुमान पडून असतो. वर विमान उलटं झालं की तो घरंगळतो, एखाद्या दांड्यात अडकतो, आणि वैमानिकाने कितीही ओढलं तरी दांडा हलत नाही. अण्णा हे जेवताना सांगायचे, तेव्हा आई म्हणायची, ‘अहो, घास तरी उतरू द्या तिचा.’ रात्री ओटा आवरून झाला की ते चमचेही मोजायचे. आमच्या फाटकाच्या कडीला त्यांनी दुकानातून आणलेली साधी तार बांधली होती, पण तिला पीळ होता तो विमानातल्या लॉकिंग वायरचा. तो पीळ सोडवायला अजून कोणाला जमलेलं नाही. पुढे मी इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला लागले. तिथेही कागदाचा शेवटचा ताव जुळेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही.

तू सर्वज्ञ आहेस, पण २००५ सालच्या फेब्रुवारीत येलहंक्याला तू आमच्या शेजारी उभा होतास की नाही, मला माहीत नाही. म्हणून सांगते. अण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आदल्या नोव्हेंबरात ओझरमध्ये बांधलेलं पहिलं सुखोई-३० हवाई दलाकडे गेलं, आणि म्हातारा हट्टाला पेटला. ‘ते विमान मला उडताना बघायचंय.’ एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरत होतं बंगळुरूजवळ, येलहंक्याला. मनमाडला जाऊन कर्नाटक एक्स्प्रेस पकडली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि अण्णांची कापडी पिशवी.

काय गर्दी होती, देवा! ऊन चटचट भाजत होतं, बसायला सावलीचा तुकडा नाही. पोरं बापाच्या खांद्यावर. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं आली, लाल-पांढरी, एकमेकांना इतकी चिकटून की एका फळीवर ठोकल्यासारखी. मग ती फुटली, धुराच्या रेघा सोडत उलटीपालटी झाली, दोन तर समोरासमोर येऊन अशी काही गेली की सगळ्या मैदानाने एकदम श्वास आत घेतला. मी टाळ्या पिटत होते. अण्णा खाली बघत होते, म्हणजे धावपट्टीच्या टोकाकडे. विमानं परत येऊ लागली तेव्हा त्यांचे ओठ हलू लागले. मला वाटलं, तुझं नाव घेतायत. कान देऊन ऐकलं तर म्हणत होते, ‘सहा... सात... आठ...’ नववं टेकलं, मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

नंतर सुखोई. ते समोरून गेलं तेव्हा आधी काही ऐकूच आलं नाही. मग आवाज आला तो कानातून नाही, छातीतून. मागे उभ्या केलेल्या गाड्यांचे अलार्म एकसाथ कोकलू लागले. सरळ उभं वर गेलं, तिथे जणू विचार करत थांबलं, नाकाड वर ठेवूनच हळूहळू सरकलं. एवढं अजस्र धूड असं तरंगताना बघून मला रडू आलं, का ते तू सांग. अण्णा तेव्हाही बिनटाळीचेच. विमान वळून खाली आलं, चाकं टेकली, शेपटीतून पॅराशूट फुललं, आणि तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. एकट्याने, जोरात, चांगली लांबलचक. बाकीचे लोक एव्हाना खाण्याच्या रांगेकडे निघाले होते. एकाने वळून बघितलं, म्हाताऱ्याला उशिरा कळलं असं काहीतरी त्याला वाटलं असणार.

मी विचारलं तर म्हणाले, ‘वर जाताना काय टाळी वाजवायची गं? आमचं काम ते उतरल्यावर संपतं.’

त्यांच्या हातून गेलेली मिग-२१ उतरताना हट्टी होती. पंख लहान, त्यामुळे वर आवाजाच्या दुप्पट वेगाने जायची, पण धावपट्टीला टेकायचीही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. विशी-बाविशीची पोरं ती उतरवत होती. किती उतरली नाहीत, ते तुला मोजून सांगायची गरज नाही. आम्हाला मात्र संसदेत सांगितलं गेलं. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले. सगळ्या जातींची मिळून ८७२ मिग, त्यांतली ४८२ चार दशकांत अपघातात गेली. वैमानिक १७१, नागरिक ३९. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली. चष्मा काढून ठेवला आणि त्या दिवशी चमचे मोजले नाहीत.

त्या १७१ जणांत एक अभिजित गाडगीळ होता. फ्लाइट लेफ्टनंट. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ घेऊन उडाला आणि गेला. त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, दारोदार जाऊन विचारलं की माझ्या मुलाच्या हातात दिलेलं विमान कसं होतं. वर्षानुवर्षं विचारलं. देवा, चूक यंत्राची, माणसाची की नशिबाची, हे ठरवायला मी बसलेली नाही. पण असं विचारणाऱ्या आईचा घसा बसू देऊ नकोस. तिला उत्तर देणाऱ्यांना खुर्चीवरून उठून उत्तर द्यायची बुद्धी दे. पूजाअर्चा राहिली तरी चालेल, हे आधी कर.

आणि निफाडकरांच्या वतीने तुझे आभार मानायचे राहिलेत. २०१८ च्या जूनमध्ये पिंपळगावजवळ वावी-ठुशीला सुखोई पडलं. पुन्हा २०२४ ला, ४ जूनला, सगळा देश निवडणुकीच्या निकालाला डोळे लावून बसलेला असताना शिरसगावच्या शेतात दुसरं पडलं. दोन्ही वेळा वैमानिक छत्रीने खाली आले, माणूस दगावला नाही. द्राक्षाचा मुलूख आहे तो, बागांत सतत कोणी ना कोणी राबत असतं. तिथे विमान रिकाम्या जागी पडणं ही तुझीच करणी, मी दुसऱ्या कोणाला श्रेय देणार नाही.

एक अवघड मागणं आहे. ज्या विमानाकडे बघून आम्ही टाळ्या वाजवतो ते शोभेसाठी बांधलेलं नाही, हे मला कळतं. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नेच हल्ला केला होता, आणि अण्णांच्या हँगरमध्ये पेढे वाटले होते. त्यांतला एक अण्णांनी घरी आणला, आईने तो तुझ्यापुढे ठेवला. तू खाल्लास की नाही कोण जाणे. तू स्वतः गीता सांगायला रणांगणच निवडलंस, तेव्हा हा पेच तुला नवा नाही. मला एवढंच म्हणायचंय, की विमान जिथे जाऊन येतं तिथेही छपरं असतात आणि छपरांखाली कोणी दूध तापवत असतं. ते आमच्या मोजणीत येत नाहीत. तुझ्या मोजणीत असू देत. आणि आम्हाला ही विमानं नुसती ऊन खात बघायची वेळ जितकी जास्त येईल, तितकी येऊ दे.

२०२५ च्या सप्टेंबरात, २६ तारखेला, चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. मी टीव्हीसमोर बसले होते. अण्णा असते तर आवाज बंद करून नुसती चाकं बघत बसले असते. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्याच धावपट्टीवरून इथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. आमच्या गल्लीत पोरांनी मोबाइलवर दाखवलं, खूप बरं वाटलं. आणि मग २१ नोव्हेंबर. दुबईचा एअर शो, तेजसच, वर चाललेली कसरत, खाली हजारो लोक. विंग कमांडर नमांश स्याल परत आले नाहीत. देवा, त्या दिवशी मी ती चित्रफीत पुरती बघितली नाही. जिच्यात शेवटी चाकं टेकत नाहीत ती मी बघत नाही, हा माझा वारसा आहे असं समज. त्यांच्या घरच्यांना सांभाळ. त्यांच्याबद्दल मी आणखी काही मागू शकेन असे शब्द माझ्याकडे नाहीत.

आता शेवटचं, आणि हे अगदी जवळचं आहे. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा ओझरला अप्रेंटिस लागलाय. परवा पाया पडायला आला, बोटाला पट्टी होती, म्हणाला, ‘आजी, तार पिळताना लागली.’ मी त्याला फाटकाची कडी दाखवली. बराच वेळ वाकून बघत होता. देवा, त्याला चांगला गुरू मिळू दे. पगार वेळेवर होऊ दे. त्याच्या पेटीतला पाना कधी कमी भरू देऊ नकोस. आणि कमी भरलाच कधी, तर सगळ्यांदेखत ओरडून सांगायची हिंमत त्याला दे. विमान तासभर खोळंबेल, साहेब चिडतील, बस निघून जाईल. जाऊ दे. रिक्षाचे पैसे मी देईन.