चौथ्या माळ्याचं भाडं

लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथा माळा स्वस्त मिळतो. डिपॉझिट कमी, भाडं कमी. एजंट म्हणतो, चढायची तयारी असेल तर बसवतो तुमच्या पैशात. आपण तयार होतो, कारण दुसरीकडं परवडत नाही. मग शहाणी माणसं सांगतात, हिशोब चोख झाला. त्रास जास्त म्हणून भाडं कमी. दोघांनी राजीखुशीनं ठरवलं, यात अन्याय कुठाय?

दोस्तहो, हा हिशोब नीट तपासला पाहिजे.

त्रासाची किंमत लावता येते. सिलिंडर चढवायला वरचे पैसे पडतात, नळाचं पाणी वर चढत नाही, तेवढं भाड्यातून वजा झालं तर ठीक. पण माणूस म्हातारा होतो. जन्मभर लोकांच्या फरश्या पुसणाऱ्या बाईचे गुडघे पन्नाशीतच जातात. मग ती खाली उतरत नाही. बाजार बंद, मयतीला जाणं बंद. दवाखान्यात न्यायचं तर चार पोरं खुर्चीत बसवून उतरवतात. ही सरळ कैद झाली. हिची सूट किती धरायची? महिन्याला पाचशे की हजार? माणसाची मोकळीक भाड्यातून वजा करता येत नाही. ज्या करारात ती वजा होते, तिथं राजीखुशी नसते, नड असते.

आता दुसरी बाजू. लिफ्ट बसवायची म्हटलं की तळमाळ्यावरचा उठतो. मी लिफ्टमध्ये पायसुद्धा ठेवत नाही, मी का भरू? त्याला शिव्या घालू नका, त्याचंही हातावरच पोट आहे. पण त्याला विचारा, गच्ची गळाली तर पाणी तुझ्या घरात येतं का? तरी दुरुस्तीत तुझा वाटा असतोच ना? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत लिहिलंय की लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा भरायचा, वापरो न वापरो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांच्याच पंगतीत लिफ्ट बसवलीय. सबळ कारणाशिवाय मालकानं ती तोडायची नाही. पण असलेली तोडू नको म्हणणं वेगळं, नसलेली दे म्हणणं वेगळं. जिथं नाही तिथल्या म्हातारीचं काय?

तळमाळेवाल्याचं एक मात्र खरं. लिफ्ट आली की किंमत वरच्या घराची वाढते. पूर्वी पॅरिसात श्रीमंत खालच्या माळ्यांवर आणि नोकरचाकर छपराखालच्या खोल्यांत राहायचे. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात ओटिसनं माणसांसाठी लिफ्ट बसवली. पुढं लिफ्ट घरोघर आली तशी उंची श्रीमंतांची झाली. आज मुंबईचा बिल्डर वरच्या माळ्याला 'फ्लोअर राइज' लावतो. चढणं होतं तोवर वरचा माळा गरिबाचा, चढणं संपलं की गरीब बाहेर. म्हणून लिफ्टचं नाव काढून भाडं दुप्पट करणारा मालक जिच्यासाठी लिफ्ट हवी होती तिलाच हाकलतो. माझ्या मते न्याय असा: ज्याच्या मालमत्तेची किंमत वाढते त्यानं बसवायचा खर्च करावा, चालवायचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, आणि जुन्या भाडेकरूचं भाडं त्या निमित्तानं वाढवू नये.

आणि जे भाडंच भरत नाहीत त्यांचं? टॉवरमधे मोलकरणीला, डिलिव्हरीच्या पोराला वेगळी लिफ्ट दाखवतात. म्हणे मेंटेनन्स आम्ही भरतो. अरे, तुमचं घर तिच्या हातांवर चालतं, तो कसला मेंटेनन्स? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायका'त हिंदू समाजाला बिनजिन्याचा मनोरा म्हटलं होतं. शंभर वर्षांत मनोऱ्याला लिफ्ट लागली, पण तिच्या दारावर पाटी आहे.

तेव्हा भाडं रास्त की गैर, हे एजंटच्या वहीवरून ठरवू नका. वरच्या माळ्यावरची म्हातारी मनात येईल तेव्हा खाली उतरू शकते का, एवढं विचारा. नसेल, तर ते घर फुकट दिलं तरी महागच पडतंय.