अडीच हजारांचं रान

पाटोदा तालुक्यातल्या ज्या वाडीवर मी नऊ वर्षं मास्तरकी केली, तिथं शाळेच्या दारातून तिन्ही बाजूंना रानच दिसायचं. रान म्हणजे काय, तर बालाघाटाचे उघडे माळ, मुरूम, मधेमधे बाभळी, हिवर, बोरी आणि श्रावणात पंधरा-वीस दिवस हिरवं होऊन परत पिवळं पडणारं गवत. अशा गावाला २००३ साली तालुक्यावरून एक कागद आला. आपल्या शाळेत राष्ट्रीय हरित सेना स्थापन झाली असून तिच्यासाठी वर्षाला २५०० रुपये मिळतील. सेना कधी स्थापन झाली ते मला माहीत नव्हतं. पण पैसे येणार म्हटल्यावर मी सही केली.

ही योजना केंद्राच्या पर्यावरण खात्याची, २००१-०२ पासूनची. पोरांनी चार भिंतींच्या बाहेर पडावं, झाडंपाखरं बघावीत, पाणी-माती समजून घ्यावी, असा तिचा हेतू. त्याच्या आधी १९९१ साली एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत शिकवलाच पाहिजे. त्याच्याही आधी, १९७६ च्या घटनादुरुस्तीनं, वनं, तळी, नद्या, वन्य जीव सांभाळणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलेलं. म्हणजे आमच्या वाडीवरच्या पहिलीतल्या शेंबड्या पोराच्याही अंगावर ते कर्तव्य होतंच. त्याला ते शिकवायचा खर्च सरकारनं काढला वर्षाला अडीच हजार. पटावर पोरं बासष्ट. डोई चाळीस रुपये.

पालकसभा घेतली. पालक म्हणजे बहुतेक म्हाताऱ्याच. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की धडधाकट माणूस गावात राहत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायकोचा कोयता कारखान्यावर जातो, तो मार्च-एप्रिलात परत येतो. धाकटी पोरं बरोबर जातात, थोडीफार आजीपाशी राहतात. मी कागद वाचून दाखवला. मागं भिंतीला टेकून बसलेली एक आजी म्हणाली, "गुरुजी, आमच्या लेकराला रान दाखवायला पैसे लागतेत व्हय? ते रानातच वाढलेत. त्या पैशाच्या चपला घ्या. फुफाट्यात पाय भाजतेत लेकरांचे."

सगळ्या माना हलल्या. मी म्हणालो, "आजी, ह्या पैशात चपला बसत नाहीत. नियम आहे." नियमाच्या आडोशाला जाऊन उभं राहायची मास्तरांना सवयच असते. पण खरं सांगायचं तर त्या बाईला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चपला बसल्या असत्या, तर मी काय केलं असतं?

पहिल्या वर्षी मी सोपं काम केलं. रोपं आणली, शंभर. कडुलिंब, चिंच, करंज. पोरांनी खड्डे घेतले, बोराटीचं कुंपण केलं, झाडाला नावं वाटून घेतली. दिवाळीनंतर पाणी घालणारे हात कारखान्यावर गेले. होळीला मोजली तर अकरा जिवंत होती. वर पाठवायच्या तक्त्यात एक रकाना होता, जगलेली रोपे. मी साठ लिहिलं. का लिहिलं, ते आज विचारलं तर सांगता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. शंभरातली अकरा हे लिहायला हात धजावला नाही इतकंच. पर्यावरणाच्या नावानं मी पोरांना काय शिकवलं ते बाजूला ठेवा, माझं मी हे शिकलो.

त्या एप्रिलात पोरं परत आली. काळवंडलेली, हाताला उसाच्या पाल्याचे चरे. मी हौसेनं पाचवीतल्या एका पोराला विचारलं, "सहा महिने उघड्यावर होतास, काय काय पाखरं बघितली?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मास्तरचं डोकं फिरलं. म्हणाला, "बघायला कव्हा, गुरुजी?" मग त्याचा दिवस त्यानं सांगितला. आईबाप फडात पहाटेच जाणार. ह्यानं कोपीवर धाकटीला सांभाळायचं, पाणी आणायचं, बैलांना वाढं टाकायचं, दुपारी फडात जाऊन मोळ्या बांधायला हात लावायचा. सहा महिने डोक्यावर आभाळ होतं, पण मान वर करायला सवड नव्हती.

आजीच्या प्रश्नाकडं मी त्यानंतर वेगळं बघायला लागलो. पोरं रानात वाढली हे तिचं खरंच होतं. शेरडं राखताना, सरपण आणताना, खुरपताना, वेचताना ती रानातच होती. पण हात मोकळे ठेवून, कामाशिवाय, नुसतं बघण्यासाठी रानात गेलेलं पोर मला पटावर एकही सापडेना. पुण्यामुंबईच्या पोरांना रान माहीत नसतं म्हणून त्यांना शिबिराला नेतात. आमच्या पोरांना रान माहीत होतं. त्यांना माहीत नव्हती ती फुरसत. आणि ती सरकारी पैशानं विकत घ्यावी का, हा प्रश्न मला शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा अवघड वाटला.

२००४ च्या सप्टेंबरात, पोरं कारखान्यावर जायच्या आत, मी टेम्पो ठरवला. जायचं होतं नायगावच्या मयूर अभयारण्यात. लांब नाही, आमच्याच तालुक्यात. १९९४ साली ते जाहीर झालं, तीसेक चौरस किलोमीटरचं माळरान आणि डोंगर, मोरांसाठी राखलेलं. दहा वर्षं झाली तरी आमच्या वाडीतलं एकही पोर ते बघायला म्हणून गेलेलं नव्हतं. मीही नव्हतो, हे कबूल करतो.

टेम्पोतून उतरलो, वनरक्षक पुढं, आम्ही मागं. थोडं चाललो नाही तोच मागं बघतो तर तीन-चार पोरी वाकून वाळक्या काटक्या गोळा करतायत. मी ओरडलो, "अगं, आज सरपण नाही! इथनं काडी न्यायची नाही." त्यातली एक, त्याच आजीची नात, काटक्या टाकून उभी राहिली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. म्हणाली, "मग काय करायचं गुरुजी?"

"काही नाही. बसायचं."

बसली सगळी. पहिली दहा मिनिटं चुळबुळ, चिमटे, खुसखुस. मग हळूहळू निवांत झाली. समोरच्या उतारावर दोन मोर आणि पाच-सहा लांडोरी चरत होत्या. मोरांचे पिसारे झडून गेलेले. वनरक्षकानं सांगितलं, की पावसाळा संपता संपता मोराची लांब पिसं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. एका पोरीनं विचारलं, लांडोर मोराच्या डोळ्यातलं पाणी पिऊन गाभण राहते ना? तो बिचारा लाल झाला. मास्तरच्या तोंडाकडं बघायला लागला. मी म्हटलं, सांगा की, कोंबडीसारखंच ते. आमच्याकडच्या पोरांना कोंबड्यांचं सगळं ठाऊक असतं, त्यामुळं एका वाक्यात विषय मिटला. पण ही आसवांची गोष्ट मी स्वतः पंचविशीपर्यंत खरी मानत होतो.

पुढं उलटंच झालं. तो पाचवीतला, आता सहावीतला, पोरगा वनरक्षकाला शिकवायला लागला. हा हिवर, ही बाभूळ, हिवराची साल पांढरट असते. हा आवाज तित्तराचा. ह्या बिळात खोकड हाये, तोंडाशी ताजी माती बघा. बघायला सवड नव्हती म्हणणाऱ्याला इतकं कधी कळलं होतं? कामाच्या ओझ्याखालीही डोळे काहीतरी टिपतच असणार. ते बोलायला मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

एका झुडपाखाली पीस सापडलं. पूर्ण, डोळ्यासकट. त्यानं उचललं. वनरक्षक म्हणाला, "ठेव बाळा, अभयारण्यातलं काही नेता येत नाही." पोरानं ठेवलं, आणि शांतपणे म्हणाला, "आमच्या वावरात भुईमूग उकरतो तव्हा मोर आमचा, आन् पीस पडलं की सरकारचं व्हय?"

वनरक्षक हसला. मला हसू आलं नाही. मोर १९६३ पासून देशाचा राष्ट्रीय पक्षी. त्याला राखायचं तर त्याच्या चाऱ्याचा वाटा कुणीतरी सोसावा लागतो, आणि तो सोसणारं पोर माझ्यासमोर अनवाणी उभं होतं. त्याला मी कर्तव्य शिकवायला आणलं होतं. कर्तव्य तर ते न शिकताच करत होतं. देणं उलट्या बाजूनं लागत होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

टेम्पोचे नऊशे झाले, खिचडी आणि बुंदीचे सहाशे. उरलेल्यात वह्या आणि दोन भिंगं आणली. हिशेब घेऊन तालुक्याला गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "सहल बसते, त्याचं काही नाही. पण रोपं किती?" म्हटलं, शून्य. "शून्य लिहू नका गुरुजी, वाईट दिसतं." मी शून्य लिहिलं. अंगात काही शौर्य आलं होतं असं नाही, मागल्या वर्षीचे साठ पोटात गेले नव्हते. झाडं मोजता येतात, म्हणून ती तक्त्यात असतात. एक पोरगी काटक्या टाकून तासभर बसली, हे लिहायला रकाना नव्हता, आणि असायला हवा होता असंही मी म्हणत नाही. रकाना असता तर मी तिथंही काही तरी लिहिलं असतं.

पुढच्या वर्षाचे पैसे आले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आमच्या पोरांचं सुरू होतं आई-बाप कारखान्यावरून आले की. त्या आठवड्यात वर्गात चौदा पोरं होती. चौदा पोरांची सहल काढून बासष्टांचा पैसा संपवायचा, की पैसा परत जाऊ द्यायचा? मी चौदा पोरांना घेऊन गेलो. चुकलं असेल.

माझा पुतण्या पुण्याला असतो. त्याच्या शाळेनं त्याला कोकणात निसर्गशिबिराला नेलं, फी हजारांत होती. आधी चपला की आधी शिबिर, असं त्याच्या आईबापाला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, त्याच्या पायात बूट होते. आमच्या पोरांच्या बाबतीत मात्र आधी चपला, मग शाळेवरचे पत्रे, मग पाणी, आणि हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर आनंद. रांगेतलं पुढचं काही खोटं नाही. पण ती रांग माझ्या नऊ वर्षांत पुढं सरकली नाही, आणि पोरं मात्र चौथीतून सातवीत आणि सातवीतून फडात गेली. म्हणून मी मधेच रांग मोडली. दुसऱ्याच्या पोरांच्या वतीनं, दुसऱ्याच्या पैशानं मोडली, हे मला विसरता येत नाही.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी ती आजी शाळेपाशी आली होती. डोक्यावर गवताचा भारा. तो खाली न ठेवताच बोलत होती.

"नातीला इचारलं, काय केलं गं दिवसभर? तर म्हणती, बसले होते."

"हो, बसली होती."

आजी जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "आख्ख्या जल्मात मी रानात अशी बसले न्हाई बघा." आणि दोन पावलं पुढं जाऊन, भारा सावरत, मागं वळली.

"पण चपला राह्यल्याच की, गुरुजी."