लक्ष कुठं होतं?

लहान मुलानं नाणं गिळलं की घरातलं कुणीतरी केळी आणायला धावतं. केळं खाऊ घाला, उद्या शीतून पडेल, असं आजी सांगते आणि बहुतेक वेळा नाणं पडतंही. हा सल्ला इतकी वर्षं टिकला, कारण नाणं पोटात सहसा काही करत नाही. आता मात्र घराघरांत नाण्याच्याच आकाराची दुसरी एक चकती आली आहे आणि तिच्या बाबतीत केळ्यात घालवलेला वेळ भलताच महागात पडतो.

ही चकती म्हणजे बटण सेल. वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, पंख्याच्या नाहीतर टीव्हीच्या लहानशा रिमोटमध्ये ‘सीआर २०३२’ असं लिहिलेला सेल असतो. त्याचं माप नावातच आहे : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. रुपयाचं नवं नाणं साधारण एवढंच. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला हे माप अगदी पुरेसं आहे.

सेल फुटतो, आतलं रसायन गळतं आणि मग इजा होते, असा आपला समज असतो. खरं तर फुटायची, गळायची काही गरज नसते. अन्ननलिकेची ओली भिंत सेलला दोन्ही बाजूंनी चिकटली की सर्किट पूर्ण होतं आणि वीज वाहू लागते. ज्या बाजूला अधिकचं चिन्ह नसतं, त्या ऋण बाजूला तिथल्याच पाण्यापासून तीव्र अल्कली तयार होते. कॉस्टिक सोड्यातली जी दाहकता, तीच ही. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. दुर्बिणीतून सेल बाहेर काढला म्हणजे सुटलो, असंही नाही. जखम नंतरही खोलवर जात राहते. कुणाच्या अन्ननलिकेला आणि श्वासनलिकेला जोडणारं भोक पडतं, तर कधी शेजारची महाधमनी फुटते, तीही काही दिवसांनी, मूल घरी आल्यावर.

सेल ‘संपला’ असला तरी यात फारसा फरक पडत नाही. संपला म्हणजे रिमोटला पुरेनासा झाला, एवढंच. मुलाचा घसा जाळायला त्याहून कमी ताकद लागते. आणि आपल्या घरात संपलेली वस्तू लगेच टाकायची पद्धत कुठं आहे? रबरबँड, सुट्ट्या किल्ल्या, पिना, जुनी घड्याळं आणि उतरलेले सेल असा एक ड्रॉवर प्रत्येक घरात असतो. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागेल असा तो बहुधा सगळ्यात खालचाच असतो.

सेल गिळलेलं मूल रडेलच असं नाही. लाळ गळते, खाणं नको म्हणतं, खोकला येतो, थोडा ताप येतो, श्वासाला घरघर लागते. हे सगळं सर्दीतही होतं. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये दीड वर्षाच्या रीसच्या बाबतीत आधी घशाच्या साध्या सुजेचंच निदान झालं होतं. रिमोटमधला सेल जागेवर नाही, हे तिच्या आईच्या नंतर लक्षात आलं. डिसेंबर २०२०मध्ये रीस गेली. तिची आई कायद्यासाठी झगडली आणि १६ ऑगस्ट २०२२ रोजी तिथं ‘रीसचा कायदा’ झाला. हत्याराशिवाय किंवा दोन वेगवेगळ्या हालचाली एकदम केल्याशिवाय सेलचं झाकण उघडता कामा नये, हे त्याचं सार. ऑस्ट्रेलियाचे याच प्रकारचे सक्तीचे नियम त्याच वर्षी २२ जूनपासून लागू झाले होते.

मला या कायद्यांत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ते आईला काही विचारत नाहीत. आपल्याकडे मुलाला काही झालं की पहिला प्रश्न ठरलेला : लक्ष कुठं होतं? सासू विचारते, शेजारीण विचारते, दवाखान्यातही कुणी ना कुणी विचारतंच. ज्यानं नखानं उघडणारं झाकण केलं, त्याला कुणी विचारत नाही. रांगणारं मूल दिवसभर जमीन चिवडत असतं आणि जे सापडेल ते तोंडात घालतं. त्या प्रत्येक क्षणी कुणाचं तरी लक्ष असेल, यावर ज्याची सुरक्षितता उभी आहे, ते घर नव्हे, कारागृह झालं.

शिवाय या प्रश्नाची भीती वेळ खाते, आणि इथं वेळ हाच सगळा मामला आहे. पाच वर्षांच्या दादानं बाळाच्या तोंडात काहीतरी चमकताना पाहिलेलं असतं, पण रिमोट उघडला कुणी, हे विचारतील म्हणून तो गप्प बसतो. मूल सांभाळणारी बाई काम जाईल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहते. सून म्हणते, बघू या, पडेल आपोआप. त्यात दोन तास कधीच उलटून जातात. घरातला सेल हरवलाय आणि लहान मूल आहे, एवढ्यावरच एक्स-रे काढायला जावं. नाणं आणि सेल यांतला फरक एक्स-रेत कळतो : सेलला कडेनं दुहेरी वर्तुळ दिसतं. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी घाई तेवढीच, आणि तिथं थेंबबिंब काही घालू नयेत.

उलटी करवू नये, केळं देऊ नये. १०८ला फोन करावा किंवा जिथं लहान मुलांची दुर्बिणीची सोय आहे तिथं थेट निघावं. मूल वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळत असेल आणि सेल गेल्या १२ तासांतच गिळला असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मध त्या अल्कलीची धार थोडी बोथट करतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, आपल्याकडे घुटीत देत असले तरी. आणि मध आणायला थांबायचंही नाही.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. चांगलंच झालं. पण रिमोट म्हणजे खेळणं नव्हे. आजोबांचं नामजपाचं काउंटर, थर्मामीटर, दिवाळीतल्या विजेच्या पणत्या, गाणारं भेटकार्ड, यांतलंही काही खेळणं नव्हे. ऑगस्ट २०२२मध्ये, म्हणजे रीसचा कायदा झाला त्याच महिन्यात, आपल्याकडे बॅटरीच्या कचऱ्याचे नियम आले. त्यांचा रोख वापरून झालेली बॅटरी गोळा करून तिचं पुढं काय करायचं, याकडे आहे.

लुकलुकणारी राखी घेताना एकदा दुकानदाराला विचारून पाहा, हिचा सेल कसा बदलायचा. बहुधा तो तिथल्या तिथं नखानं झाकण उघडून दाखवील आणि वर सांगेल, किती सोपं आहे बघा.