मुख्याध्यापक नसताना

मुख्याध्यापक रजेवर असलेल्या दिवशी शाळा कशी चालते, यावरून त्यांच्या नेतृत्वाची पारख करावी, असे मला वाटते.

तळेगाव दाभाडे या गावाने ही पारख फार कठीण काळात पाहिली आहे. राष्ट्रीय शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथे नांदत होते. 1908मध्ये त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापून आला. राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. संस्थापक तुरुंगात गेले तरी शाळा सुरूच राहिली. ती थांबवायला 1910मध्ये सरकारला बंदी घालावी लागली. सुटकेनंतर विजापूरकरांनी पुढे तळेगावातच नवे समर्थ विद्यालय उभे केले.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या मते, एका माणसाच्या विलक्षण प्रभावावर उभी असलेली सत्ता त्याच्यामागे टिकायची, तर ती रीतीत आणि संस्थेत मुरावी लागते. विजापूरकरांचे ध्येय सहकाऱ्यांनी आपले मानले नसते, तर पहिल्याच वर्षी शाळेला कुलूप लागले असते.

1939मध्ये कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचे काम ढेपाळे. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटाचे काम मात्र नेता नसतानाही सुरू राही. सारे मुलांवर सोपवून अलिप्त राहणाऱ्या नेत्याच्या गटात कामच थोडे होई. मोकळीक देणे आणि अंग काढून घेणे यांतला फरक इथे दिसतो.

आपल्या शाळांत मुख्याध्यापकाचे नेतृत्व कसे आहे, हे दोन वह्यांमधून वाचता येते. सूचना वही घेऊन शिपाई वर्गावर्गांत फिरतो, शिक्षक तास थांबवून सही करतात. ही वही लागतेच. मस्टर, रजा, बदली तास यांचा व्यवहार चोख नसेल तर मोठ्या ध्येयाला जमीन मिळत नाही. दुसरी वही लॉगबुक. मागच्या बाकावर बसून पाठ पाहिल्यावर मुख्याध्यापक तिच्यात शेरा लिहितात. ‘पाठ चांगला झाला’ एवढ्यावर भागवले, तर शिक्षक होता तिथेच राहतो. अपूर्णांक शिकवताना कोणते मूल कुठे अडकले, हे लिहून त्यावर दोघे बोलले, तर पुढच्या पाठात शिक्षक स्वतःच ते हेरतो. नेतृत्व असे हातोहात पोचते.

तळेगाव-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नेतृत्व असे पोचवण्याची गरज अधिकच आहे. पालक शिफ्टमध्ये कामाला जातात आणि कामासाठी परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात असतात. प्रत्येक अडचण मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत जाऊन निर्णय परत येईतो मूल मागे पडलेले असते.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांत मुख्याध्यापकपद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळते. ज्येष्ठता अनुभव देते. शाळा पेलण्याचा सराव आपोआप देत नाही. म्हणून पर्यवेक्षकाला वेळापत्रकाचे आणि शिक्षकसभेचे पूर्ण अधिकार आधीपासून द्यावेत, त्याचे निर्णय चुकले तरी पाठीशी उभे राहावे. आपल्या खुर्चीसाठी माणूस घडवणे हे मुख्याध्यापकाचे नित्याचे काम आहे. निवृत्तीच्या महिन्यात ते उरकता येत नाही.