'साकडे' : पडणारे आणि घातले जाणारे

'साकडे' हा शब्द आज आपण बहुधा 'घालणे' या एकाच क्रियापदासह वापरतो. देवाला साकडे घालतात, मंत्र्यांना साकडे घालतात. जुन्या मराठीत मात्र 'सांकडें' पडत असे. ते मनुष्यावर येई आणि मनुष्य त्यात सापडे. पडण्यापासून घालण्यापर्यंतच्या या प्रवासात शब्दाचा केवळ अर्थ बदलला नाही, त्यामागील नीतिविचारही बदलला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत 'संकट', प्राकृत 'संकड', मराठी 'सांकड'. वटाचा वड आणि घटाचा घडा ज्या नियमाने झाला, तोच नियम येथे लागू होतो. परंतु 'संकट' याचा मूळ अर्थ आपत्ती नव्हे. अरुंद, चिंचोळे, दाटीचे हा होय. जेथे अंग वळवण्यास जागा उरत नाही ती स्थिती संकट. आपल्या 'अडचण' या शब्दातही जागेचा संकोच आणि मनाचा क्लेश असे दोन्ही अर्थ नांदतात. फारसीत 'तंग' म्हणजे अरुंद. त्यावरूनच आपली 'तंगी' आली. वेदांतील 'अंहस्' हा शब्दही याच जातीचा.

मराठीत 'साकडे' शब्दाचा हा मूळ अर्थ मागे पडला. तो जिवंत ऐकण्यास नंदुरबार जिल्ह्यातील मनुष्यास मात्र फार दूर जावे लागत नाही. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. गुजराती बोलणारा अरुंद रस्त्याला आजही 'सांकडो रस्तो' म्हणतो आणि त्यात त्याला काही करुण वाटत नाही. (सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी भडोचेहून या देशी आले, हे ध्यानी घेता गुजरातीची साक्ष आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही.)

याच जिल्ह्यात हे दोन्ही अर्थ एका ठिकाणी आलेले दिसले. सातपुड्यातील चांदसैली घाटाचा रस्ता मुळातच अरुंद. २०२१ च्या सप्टेंबरात तेथे दरड कोसळून तो बंद झाला. घाटातील एका गावचा वृद्ध गृहस्थ आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन रुग्णालयाच्या वाटेने पायी निघाला. रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिने प्राण सोडला. येथे सांकडे म्हणजे अलंकार नव्हे. वाट सांकडी होती, म्हणून सांकडे पडले. त्या गृहस्थाने कोणाला काही घातले नव्हते. तो त्यात सापडला होता.

आता विचार असा की, अशा वाटेसाठी पहाडातील लोक शासनाकडे गेले, तर वृत्तपत्रे 'रस्त्यासाठी ग्रामस्थांचे साकडे' असे छापतात. हा प्रयोग योग्य आहे काय? आमच्या मते नाही. नवस, साकडे आणि मागणी या तीन गोष्टी भिन्न आहेत. नवसात देवघेव आहे : तू हे दे, मी ते देईन. मागणीत देणे आहे : जे माझे आहे ते मला मिळावे. साकड्यात यांपैकी काहीच नाही. साकडे घालणाऱ्याच्या हाती द्यावयास काही नसते आणि समोरचा त्याचे काही देणे लागत नसतो. उरते ती केवळ त्याची कोंडी आणि समोरच्याची कृपा. रुग्णालयापर्यंतची वाट शासनाचे देणे आहे. तिला साकडे म्हटले की, देणेकरी दाता होतो आणि हक्कदार याचक होतो. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताने बाधित झाली. तेथील विस्थापितांनी जमिनीसाठी जो दीर्घ लढा दिला, त्यालाही हा शब्द लावणे म्हणजे त्यांचा हक्क पुसणे होय.

मग साकडे शोभते कोठे? परमेश्वर जीवाचे काहीही देणे लागत नाही. देवतेपाशी कर्माचे फळ मिळते, पण ते नाशिवंत, आणि तेथे नवसाचा व्यवहार चालतो. परमेश्वरापाशी जीव रिकाम्या हाताने उभा राहतो. म्हणून खरे साकडे तेथेच संभवते. परंतु येथेही एक सूक्ष्म भेद आहे. 'घालणे' या क्रियापदात दुसऱ्यास कोंडीत पकडण्याचा भाव आहे : तू हे केलेच पाहिजेस. साधकास हे साजत नाही. त्याने आपले सांकडे पुढे मांडावे, बोलावे, हवे तर रडावे. पण परमेश्वरास त्यात कोंडू पाहू नये. म्हणून प्रवचनकारांनी 'देवास साकडे घातले' याऐवजी 'देवापुढे सांकडे मांडले' असे म्हणावे, ही सूचना. कानास प्रथम ते थोडे अपरिचित वाटेल. तथापि ज्यांच्या कानी गुजराती रोज पडते, त्या नवापूरच्या श्रोत्यांस ते समजावून सांगावे लागणार नाही.