परक्या पैशाची राखण

22 डिसेंबर 2023 रोजी नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणाचा निकाल दिला. बँकेचे माजी अध्यक्ष आणि सावनेरचे तेव्हाचे आमदार सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, तिघे निर्दोष सुटले. केदारांना पाच वर्षांची शिक्षा आणि साडेबारा लाखांचा दंड झाला, पाठोपाठ आमदारकीही गेली. जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला, पण जुलैमध्ये दोषसिद्धीला स्थगिती नाकारली. निकालाविरुद्ध त्यांनी अपील केले आहे आणि त्यावर बोलण्याचा अधिकार वरच्या न्यायालयाचा.

सावनेरात या निकालाची चर्चा झाली ती राजकारणाच्या अंगाने. आता उभे कोण राहणार, गट कोण सांभाळणार? खरा प्रश्न बाजूलाच राहिला. दुसऱ्याचा पैसा आपल्या हाती आला की आपल्यावर नेमके काय बंधन येते?

प्रकरण 2001-02 चे. सरकारी रोखे घ्यायचे म्हणून बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांच्या हाती पैसे दिले. रोखे बँकेला मिळाले नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. रक्कम शंभर कोटींच्या वरची. होम ट्रेडच्या फेऱ्यात वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही सापडल्या. सरकारी रोखा हा गुंतवणुकीतला सर्वांत सुरक्षित कागद, पण तो ताब्यात असेल तरच. दलालाने दिलेले सौद्याचे पत्रक म्हणजे रोखा नव्हे. घरचे सोने घेताना आपण पावती खिशात घालून डबी सराफाकडेच ठेवून येत नाही. मग बँकेच्या बैठकीत ‘रोखे कुठे आहेत, दाखवा’ एवढे विचारायला कोणती विद्वत्ता लागते?

हा प्रश्न विचारणे हेच विश्वस्ताचे पहिले काम आहे. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याचे कलम 15 सांगते की सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल, तेवढी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी. कलम 51 सांगते की त्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करून घेऊ नये. आपल्याकडे लोकांच्या मनात यातले दुसरेच बंधन तेवढे ठसले आहे. ‘त्यांनी एक पैसा खाल्ला नाही’ असे म्हटले की माणूस सुटला. मला हे अजिबात पटत नाही. पैसा न खाणारा, पण तो कुठे गेला हे न पाहणारा विश्वस्त ठेवीदाराच्या काय कामाचा?

सहकारी बँकेचा संचालक या 1882 च्या कायद्याखालचा विश्वस्त नसतो, हे खरे. पण भारतीय दंड संहितेचे कलम 409 लोकसेवक, बँकर, दलाल, अभिकर्ता अशा सगळ्यांना न्यासभंगाच्या कक्षेत आणत होते आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. नागपूरच्या निकालात हे कलम होतेच. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आले. फौजदारी खटल्यात मात्र अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. निव्वळ निष्काळजीपणा तिथे पुरत नाही, आणि पुरूही नये, नाहीतर संस्थेत काम करायला चांगला माणूस पुढे येणार नाही. निष्काळजीपणाचा हिशोब वेगळ्या दारी होतो. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी ठरवून ती संबंधितांकडून वसूल करता येते. सामान्य माणसाला खरी गरज या दुसऱ्या दाराची आहे. एखादा तुरुंगात गेला म्हणून कुणाच्या पासबुकात रक्कम जमा होत नाही.

आणि वेळ? गुन्हा 2002 साली दाखल झाला, निकाल 2023 च्या अखेरीस लागला. ज्याने त्या बँकेत मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवले असतील, त्याची नात शाळेत जाण्याइतका हा काळ. म्हणून माझे म्हणणे असे की विश्वस्ताचे कर्तव्य कोर्टात तपासले जाते, पण राखावे लागते ते ठराव मांडला जातो त्या टेबलावर. तिथे एका संचालकाने ‘माझा विरोध नोंदवा’ म्हटले, तर पुढची एकवीस वर्षे वाचू शकतात.

मंदिरे, शिक्षणसंस्था, धर्मशाळा यांच्या बाबतीत कायद्याने हे टेबल थोडे अधिक जपले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देतानाही लागते. गैरवर्तन करणाऱ्या विश्वस्ताला कलम 41-ड खाली काढता येते. पण आयुक्तांपर्यंत कुणी गेले तर! देवस्थानाचा विश्वस्त गावातला वजनदार माणूस असतो, आणि त्याला हिशोब विचारणे म्हणजे देवालाच जाब विचारणे, असा समज अजून घट्ट आहे.

जिल्हा बँकेत तर एक कडी आणखी असते. सावनेर तालुक्यातला कापूस-संत्र्याचा शेतकरी पीककर्जासाठी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सभासद होतो, आणि ती सोसायटी बँकेची सभासद असते. बँकेच्या वार्षिक सभेला शेतकरी जात नाही, सोसायटीचा प्रतिनिधी जातो. म्हणजे नागपुरात हात वर करून ‘मंजूर’ म्हणणारा तो प्रतिनिधीही परक्या पैशाचा राखणदारच असतो, त्याच्यावर कुणी खटला भरो वा न भरो. ताळेबंदातला गुंतवणुकीचा तक्ता तिथे उघडून वाचायचे काम त्याचे आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ती झाली की सोसायटीच्या पुढच्या बैठकीत सभासदांनी त्याला उभे करून विचारावे: बँकेचे रोखे कुणाच्या ताब्यात आहेत, आणि तू ते विचारलेस का?