संतोष, पण कोणाच्या खर्चाने?

दिवाळी जवळ आली की घराची साफसफाई निघते, आणि फळीवरचे डबे खाली उतरवले की स्वयंपाकघराचे खरे वय दिसते. ओट्याच्या कडेचा टवका उडालेला असतो. सिंकखालच्या कपाटाचे दार एकाच बिजागरीवर लटकत असते. टाइल्सच्या सांध्यांत वर्षानुवर्षांचे तेल बसलेले असते आणि नळ घट्ट बंद केला तरी थेंब टपकत राहतो. मग कोणीतरी म्हणते, "यंदा एवढे तरी करून घेऊ या." आणि दुसरे कोणीतरी म्हणते, "चालते आहे ना? संतोष मानायला शिकले पाहिजे."

साधकाच्या घरात हे दुसरे वाक्य फार वजनदार ठरते. त्याच्यामागे आपण सत्संगात ऐकलेले सारे काही उभे असते: गरजा कमी करा, अपरिग्रह पाळा, वस्तूंत सुख शोधू नका. त्यामुळे पहिले वाक्य बोलणारी व्यक्ती, बहुतेक घरांत आई, पत्नी किंवा सून, गप्प होते. आपलीच आसक्ती सुटत नाही, असे तिला वाटू लागते. पैसे वाचतात आणि विषय संपतो. पण इथे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या संवादात संतोष नेमका कोणी पाळला?

नियम स्वतःसाठी असतात

पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत: शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. शौच आणि संतोष एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत. म्हणजे संतोषाचे नाव घेऊन शौच सोडण्याची मुभा कोणालाच नाही. ओल धरलेली भिंत, झुरळांनी भरलेले कपाट, न निघणारा चिकटपणा, हे सारे चालवून घेणे म्हणजे संतोष नव्हे. पुष्कळदा तो नुसता आळस असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नियम साधकाने स्वतःवर घ्यायचे असतात. उपवास मी करतो, मौन मी पाळतो. माझ्या वतीने दुसऱ्याला उपाशी ठेवले तर तो माझा उपवास होत नाही. संतोषाचेही तसेच आहे. मोडक्या ओट्याशी जी उभी राहते तिने विचारपूर्वक म्हटले की "मला एवढे पुरते", तर तो तिचा संतोष आहे आणि तो वंदनीय आहे. जो त्या ओट्याशी कधी उभाच राहत नाही त्याने तेच वाक्य म्हटले, तर त्याने काहीच सोडलेले नसते. त्याने फक्त दुसऱ्याच्या वाट्याची गैरसोय मंजूर केलेली असते.

आपल्या लेखांचा हिंदीतून मराठीत अनुवाद करताना 'रसोई' हा शब्द आला की तिथे 'स्वयंपाकघर' लिहावे लागते. दोन्ही शब्दांत एक सुंदर फरक आहे. 'रसोई'मध्ये रस आहे, म्हणजे खाणाऱ्याला मिळणारी चव. 'स्वयंपाक' या शब्दात मात्र 'स्वयं' आहे, म्हणजे आपल्या हाताने रांधणारी व्यक्ती. मराठीने त्या खोलीचे नावच करणाऱ्यावरून ठेवले आहे. त्या खोलीचा निर्णय घेताना तरी हा 'स्वयं' विसरू नये.

ज्यांनी अपरिग्रह जगून दाखवला

अपरिग्रहाचा सर्वांत कठोर आग्रह धरणाऱ्यांत महात्मा गांधी होते. आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रह आहे. पण १९३४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीतल्या या संघाने घाणी, चक्की आणि हातकागद यांच्याबरोबर चुलीकडेही लक्ष दिले. धूर कमी करणारी 'मगन चूल' ही त्याच वातावरणातली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन आलेले होते. स्वतः अत्यंत साधे राहणाऱ्या या माणसांनी गावातल्या बाईला "धुरातही संतोष मान" असे सांगितले नाही. त्यांनी चूल सुधारली, आणि तीही मातीचीच ठेवली, म्हणजे गरिबाला परवडेल अशी. साधेपणा आणि सुधारणा एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे यातून स्पष्ट दिसते.

वहीत न लिहिलेला खर्च

वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षीच 'घसारा' शिकवतात. यंत्र दरवर्षी थोडे झिजते. त्या वर्षी खिशातून पैसा गेला नसला तरी ती झीज खर्च म्हणून वहीत लिहावी लागते. लिहिली नाही तर नफा खोटाच फुगलेला दिसतो.

घराच्या हिशेबात आपण घसारा लिहीत नाही. दहा वर्षे स्वयंपाकघरावर एक पैसा खर्च केला नाही, असे अभिमानाने सांगतो. पण झीज तर झालीच. ती वहीत नाही, तर गेली कुठे? बुटक्या ओट्यापाशी वाकणाऱ्या कमरेत गेली, स्वतःच्याच सावलीत भाजी चिरणाऱ्या डोळ्यांत गेली, फोडणीच्या धुराने येणाऱ्या खोकल्यात गेली. समजा, एका घरात स्वयंपाक, चहा-नाश्ता आणि आवराआवर मिळून रोज तीन तास लागतात. वर्षाचे १,०९५ तास झाले. घरातल्या दुसऱ्या कोणत्या खोलीत कोणी इतके तास उभे राहून काढते?

म्हणून काटकसरीची एकच कसोटी ठेवावी. वाचवलेल्या पैशाचा भार कोण उचलते? मी वाचवले आणि मीच सोसले, तर ते तप. मी वाचवले आणि दुसऱ्याने सोसले, तर त्याला तप म्हणता येणार नाही.

थोडे पैसे, योग्य क्रम

याचा अर्थ कर्ज काढून चकचकीत मॉड्युलर किचन बसवावे असा नाही. पाहुण्यांना दाखवण्यासाठी केलेले आणि पाहुण्यांना जेवायला बोलावताना डाग पडतील म्हणून जपलेले स्वयंपाकघर हाही परिग्रहच आहे. पैसे थोडे असतील तर क्रम ठरवावा. तो क्रम आपल्याच शिकवणुकीतून मिळतो.

आधी अहिंसा, म्हणजे सुरक्षितता. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिची मुदत तिच्यावरच छापलेली असते. पाण्याजवळचा सैल प्लग-पॉइंट आधी दुरुस्त व्हावा.

मग शरीर. कोपर वाकवल्यावर ते जिथे येते त्याच्या चार-सहा इंच खाली ओटा असावा. ओटा तोडणे परवडत नसेल तर निदान चिरण्या-मळण्यासाठी जाड लाकडी फळी ठेवून उंची साधता येते. ओटा उंच असेल तर पायाखाली न हलणारी रुंद फळी चालते. दिवा पाठीमागे असेल तर मांडणीखाली एक एलईडी पट्टी लावावी, म्हणजे सावली पडत नाही.

नंतर शौच. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात ८६,४०० थेंब वाया घालवतो, आणि पुष्कळदा दोष एका वॉशरचा असतो. टाइल्सचे सांधे खरवडून पांढऱ्या सिमेंटने भरता येतात. एक्झॉस्ट फॅन बसला की भिंती पुन्हा लवकर चिकट होत नाहीत.

आणि शेवटी शोभा. तीही वर्ज्य नाही. जुन्या दारांना घासून रंग दिला, आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई केली, तर खोली उजळते आणि नवीन वस्तूही घरात येत नाही. असलेल्याची निगा राखणे हा अपरिग्रहाचाच एक प्रकार आहे.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. थोड्या पैशांत काम बसवताना आपण सर्वांत आधी सुताराशी किंवा गवंड्याशी घासाघीस सुरू करतो. सामानाची किंमत दुकानदार सोडत नाही, म्हणून मजुरी कापली जाते. पण आपल्या बजेटची तूट त्याच्या चुलीतून भरून काढायची, हे अस्तेयात बसत नाही. चार कामे अर्ध्या दामात करून घेण्यापेक्षा दोनच कामे पूर्ण दामात करावीत. उरलेली पुढच्या वर्षी होतील.

या महिन्याचा संकल्प

दुरुस्तीचा निर्णय घेण्याआधी एक छोटा अभ्यास करून पाहावा. घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने एक पूर्ण दिवस स्वयंपाकघर एकट्याने सांभाळावे, सकाळच्या चहापासून रात्री ओटा पुसेपर्यंत. स्वयंपाक साधा असला तरी चालेल. त्यानंतर सर्वांनी एकत्र बसून यादी करावी आणि जी व्यक्ती तिथे सर्वाधिक वेळ उभी राहते तिला पहिल्यांदा बोलू द्यावे. ती "काही नको" म्हणाली तर लगेच सुटकेचा नि:श्वास टाकू नये. हा तिचा संतोष आहे, की आपले कोणी ऐकणार नाही या अनुभवातून आलेले मौन आहे, हे प्रेमाने विचारावे.

आणि ज्याला संतोषाचे महत्त्व पटले आहे, त्याने यादीतल्या खर्चासाठी आधी स्वतःची एखादी खरेदी पुढे ढकलावी. नवा मोबाइल असेल, गाडीचे सीट कव्हर असेल, कपडे असतील. त्या पैशातून दिवाळीआधी निदान नळाचा वॉशर आणि ओट्यावरचा दिवा तरी होऊन जाईल.